न्यायासनासमोरील दया

शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकातील न्यायालयाचा प्रवेश ज्यास ठाऊक नाही असा इंग्रजी शिकलेला मराठी माणूस आमच्या व आमच्या आधीच्या पिढीत विरळाच सापडेल. नाटक समग्र वाचलेले नसेल, रंगभूमीवर पाहिलेले तर नसेलच. परंतु पोर्शियेचे दयेवरील भाषण त्याने शाळेत केव्हातरी तोंडपाठ केलेले असते आणि शालेय संमेलनात काळा झगा घालून ते म्हणणारी एखादी मुलगी त्याच्या स्मरणात असते. पाठ्यपुस्तकांनी हे भाषण मूळ प्रवेशातून अलगद सोडवून काढले आणि त्यास सुभाषिताचे रूप दिले. सुभाषित झाले की ते कोण बोलले, कोणाला उद्देशून बोलले, आणि बोलून झाल्यावर बोलणाराने काय केले, हे प्रश्न उरत नाहीत. आम्हांस येथे हेच प्रश्न विचारावयाचे आहेत. दयेचा महिमा गाणे सोपे आहे. निर्दय जगात, हाती सत्ता आलेली असताना, दया आचरणे ही निराळीच गोष्ट आहे. आणि ख्रिस्ती धर्मविचाराने या दोहोंतील अंतराविषयी जितके कठोर बोलावे तितके क्वचितच कोणी बोलले असेल. शेक्सपिअरने हे अंतर एकदा नव्हे, दोनदा नाट्यविषय केले. पहिल्या नाटकाचा बोलबाला झाला. दुसरे, ‘मेझर फॉर मेझर’, आपल्याकडे फारसे कोणी उघडत नाही. आमच्या मते पहिल्याने अर्धवट सोडलेला हिशेब दुसऱ्याने पुरा केला आहे.

आधी शब्दाचा विचार करणे भाग आहे. इंग्रजीत ज्या एका शब्दाने हे भाषण फिरते त्यास मराठीत एकच प्रतिशब्द नाही. ‘दया’ म्हटले की दुसऱ्याच्या दुःखाने मन द्रवणे आले. तेथे समोरचा अपराधी असलाच पाहिजे असे नाही. ‘क्षमा’ म्हटले की अपराध आला, पण क्षमा करणाराचे मन द्रवले आहे की तो केवळ थोरपणा मिरवीत आहे हे त्या शब्दावरून कळत नाही. ‘कृपा’ तर वरून खाली उतरणारी. राजाची, गुरूची, देवाची. त्या इंग्रजी शब्दात हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि म्हणूनच त्याच्या आडून पुष्कळ लबाडी करता येते: कृपा करावी आणि तिला दया म्हणावे, शिक्षा थोडी कमी करावी आणि तिला क्षमा म्हणावे. पुढे व्हेनिसच्या न्यायालयात नेमके हेच घडते.

प्रवेशाची मांडणी सर्वांस परिचित आहे. बसॅनिओ या मित्रासाठी अँटोनिओने शायलॉक या ज्यू सावकाराकडून तीन हजार डुकाट तीन महिन्यांच्या बोलीने घेतले. मुदत टळली तर अंगातील एक पौंड मांस देण्याचा लेख करून दिला. जहाजे बुडाल्याची वार्ता आली, मुदत टळली, आणि शायलॉक सुरी परजीत न्यायालयात उभा राहिला. दुप्पट रक्कम देऊ केली तरी तो ऐकत नाही. तेव्हा पुरुषवेषातील पोर्शिया त्यास सांगते की आता तू दया केली पाहिजे. ‘केली पाहिजे’ या शब्दावर तो अडतो आणि विचारतो की कोणत्या सक्तीने? पोर्शियेचे सुप्रसिद्ध भाषण हे या एका प्रश्नाचे उत्तर आहे. दयेवर सक्ती चालत नाही, ती आपोआप होते, देणारा आणि घेणारा दोघेही तिने धन्य होतात, राजदंडापेक्षा ती श्रेष्ठ, ती साक्षात् ईश्वराचा गुण, आणि केवळ न्यायाच्या मापाने मोजले तर आपणांपैकी एकाचाही उद्धार होणार नाही, असा त्या भाषणाचा आशय. शेवटी ती ख्रिस्ताने शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेचा आधार घेते: जी प्रार्थना आपल्या अपराधांची क्षमा मागावयास शिकविते तीच दुसऱ्याच्या अपराधांची क्षमा करावयासही शिकविते. ही प्रार्थना शायलॉकची नव्हे, हे तिच्या ध्यानात येत नाही, किंवा येऊनही ती त्याची पर्वा करीत नाही.

या भाषणाच्या थोडे आधी शायलॉकने केलेले एक भाषण मात्र कोणी पाठ करून घेत नाही. तो न्यायालयातील सरदारांस म्हणतो की तुमच्या घरी विकत घेतलेले गुलाम आहेत. त्यांस तुम्ही गाढवाकुत्र्यांप्रमाणे राबविता, कारण तुम्ही त्यांचे दाम मोजले आहेत. त्यांस मुक्त करा, आपल्या मुलींशी त्यांचे विवाह लावा, असे मी तुम्हांस सांगितले तर तुम्ही म्हणाल की गुलाम आमचे आहेत. तसेच हे मांसही माझे आहे. मी त्याचे दाम मोजले आहेत. या युक्तिवादास त्या भरल्या न्यायालयात कोणीही उत्तर देत नाही. ड्यूक विषय बदलतो. शायलॉकचा हट्ट अमानुष आहे याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु जे जग त्याच्याजवळ दया मागत आहे ते स्वतः कशावर उभे आहे हे त्याने उघड करून दाखविले. पहिल्याच अंकात अँटोनिओ आपल्यावर थुंकला, आपणांस कुत्रा म्हणाला, लाथ मारली, याचा पाढा त्याने वाचलेला आहे. आणि अँटोनिओने ते नाकारले नाही, उलट पुन्हा तसेच करीन असे बजावून त्याच दमात कर्ज मागितले आहे. निर्दय जग म्हणजे केवळ सुरी परजणारा माणूस नव्हे. सुरी परजण्यापूर्वी त्याच्यावर थुंकलेली सभ्य माणसेही त्यात आली.

पुढला भाग झपाट्याने होतो. मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये; एक पौंडाहून केसभर अधिक वा उणे चालणार नाही. शायलॉक हरतो आणि जाऊ लागतो. तेव्हा पोर्शिया त्यास थांबवून आणखी एक कायदा पुढे करते. परक्याने व्हेनिसच्या नागरिकाच्या जिवावर उठण्याचा यत्न केला तर त्याची अर्धी मत्ता त्या नागरिकाची, अर्धी सरकारची, आणि त्याचा प्राण ड्यूकच्या मर्जीवर. येथे परिस्थिती उलटी झाली. आता सत्ता ख्रिस्ती माणसांच्या हाती आहे आणि गुडघे टेकावयाचे ते शायलॉकने. दयेच्या भाषणाची खरी परीक्षा या क्षणी आहे, भाषणाच्या वेळी नव्हती.

ड्यूक त्याचा प्राण तो मागण्यापूर्वीच माफ करतो; परंतु हे करताना, आमच्या वृत्तीत आणि तुझ्या वृत्तीत किती अंतर आहे हे तुला दिसावे म्हणून मी हे करतो, असे सांगावयास तो विसरत नाही. दयेची जाहिरात दयेबरोबरच लावलेली! मग पोर्शिया अँटोनिओकडे वळते आणि विचारते की तू याच्यावर कोणती दया करशील? ग्रॅशियानो मध्येच ओरडतो की फुकट एक फास द्या. अँटोनिओ तेवढा निर्दय नाही. सरकारने आपला अर्धा भाग सोडावा, दुसरा अर्धा मी सांभाळून शायलॉकच्या पश्चात त्याच्या मुलीस पळवून नेणाऱ्या लोरेन्झोस देईन, असे तो म्हणतो. आणि दोन अटी घालतो. शायलॉकने तत्काळ ख्रिस्ती व्हावे, आणि मरतेसमयी जे काही मागे राहील ते सर्व मुलीच्या व जावयाच्या नावे करून द्यावे. ड्यूक पुस्ती जोडतो की हे मान्य नसेल तर दिलेले प्राणदान मागे घेईन.

मॅथ्यूच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात एका दासाचा दृष्टान्त आहे. त्याचे दहा हजार तालांतांचे ऋण राजाने माफ केले. तालांत म्हणजे हजारो दीनारांची रक्कम. ते ऋण फेडावयास अनेक जन्म पुरले नसते. तो दास राजवाड्यातून बाहेर पडला आणि शंभर दीनार देणे असलेला सोबती भेटताच त्याने त्याचा गळा धरला. अँटोनिओच्या छातीवरून नुकतीच सुरी उतरली आहे. मरणाच्या दारातून परत आलेल्या या माणसास दयेचा प्रश्न विचारला जातो, आणि तो सोबत्याचा गळा अगदीच धरीत नाही, पण हात मात्र गळ्याभोवती ठेवतो. त्याने पैशाच्या बाबतीत काही सोडले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दया सक्तीने होत नाही असे ज्या न्यायालयात दहा मिनिटांपूर्वी सांगितले गेले त्याच न्यायालयात श्रद्धा सक्तीने घालण्यात आली, आणि ते भाषण करणारी पोर्शिया त्यावर एक अक्षर न बोलता शायलॉकला विचारते की तू संतुष्ट आहेस ना? तो होय म्हणतो, प्रकृती बरी नाही म्हणून जाण्याची परवानगी मागतो, आणि जातो.

याचे एक उत्तर विद्वान देतात ते आम्हांस ठाऊक आहे. १५९६-९७ च्या सुमारास लिहिलेले हे नाटक लंडनच्या ज्या प्रेक्षकाने पाहिले त्याच्या समजुतीप्रमाणे बाप्तिस्मा न घेतलेल्यास मोक्ष नव्हता. तेव्हा शायलॉकला ख्रिस्ती करणे म्हणजे त्याच्या आत्म्यावर केलेली परम कृपाच होय. प्रेक्षकांविषयी हे बहुधा खरे असेल. इंग्लंडातून ज्यूंची हकालपट्टी १२९० साली झालेली होती. उघडपणे ज्यू म्हणून वावरणारा शेजारी त्या प्रेक्षकाने पाहिलेला नव्हता. १५९४ साली राणी एलिझाबेथचा वैद्य रॉडरिगो लोपेझ, जन्माने पोर्तुगीज ज्यू व धर्माने ख्रिस्ती, याला विषप्रयोगाच्या कटाच्या आरोपावरून लंडनमध्ये देहान्त शासन झाले. आणि वधस्तंभापाशी त्याने ख्रिस्ताचे नाव घेतले तेव्हा जमाव हसला, असे तत्कालीन इतिहासकाराने नमूद केले आहे. तथापि प्रेक्षकांची समजूत म्हणजे धर्माचा निर्णय नव्हे. इ. स. ६३३ च्या टोलेडोच्या धर्मपरिषदेने ज्यूंवर धर्मांतराची बळजबरी करू नये असे ठरविले होते. त्याच परिषदेने असेही ठरविले की पूर्वी बळाने ज्यांस बाप्तिस्मा दिला गेला त्यांनी मात्र ख्रिस्तीच राहिले पाहिजे. पहिल्या वाक्यातील दया दुसऱ्या वाक्याने बंद करून टाकली. आणि पुढील हजार वर्षे युरोपने पहिले वाक्य विसरून दुसरे काटेकोरपणे पाळले.

एकदा आमच्या वर्गातील एका मुलाने विचारले होते की सर, मग शायलॉकचे पुढे काय झाले? नाटकात याचे उत्तर नाही. परंतु गोमंतकाच्या इतिहासात आहे, आणि गोमंतकीय वाचकास ते फार दूर शोधावे लागत नाही. पोर्तुगालच्या राजाने १४९७ साली आपल्या राज्यातील ज्यूंवर बाप्तिस्मा लादला. या लोकांस ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. त्यांतीलच एका कुटुंबात गार्सिया द ओर्ता जन्मला, वैद्य झाला, आणि १५३४ साली गोव्यास आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. आपल्या देशातील औषधी वनस्पतींवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. पोर्तुगालचा महाकवी कामोंइश याची छापून प्रसिद्ध झालेली पहिली कविता या ग्रंथाच्या आरंभी आहे. ओर्ता १५६८ साली वारला. पुढील वर्षी त्याची बहीण कातारीना हिला, ती गुप्तपणे ज्यू धर्म पाळते म्हणून, गोव्याच्या धर्मन्यायालयाच्या निकालाने जाळण्यात आले. आणि १५८० साली खुद्द ओर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून काढून जाळल्या गेल्या. जे धर्मन्यायालय १५६० मध्ये येथे स्थापन झाले ते कायमचे बंद व्हावयास १८१२ साल उजाडावे लागले. व्हेनिसमध्येही असे न्यायालय होते. शायलॉकने त्या संध्याकाळी बाप्तिस्मा घेतला असेल तर ज्यूंच्या गेट्टोचे दार त्यास बंद झाले. आणि ख्रिस्ती वस्तीत त्याच्या ताटातील पदार्थांवर, शनिवारच्या त्याच्या वागण्यावर, शेजाऱ्यांची नजर राहिली असती. अँटोनिओची दया म्हणजे हा आजन्म पहारा. नाटकातील विदूषक लॉन्सलॉट हा इतके ख्रिस्ती होऊ लागले तर डुकराचे मांस महाग होईल असा विनोद करतो. त्या विनोदात या विषयावरील शहाणपण पोर्शियेच्या भाषणापेक्षा अधिक आहे असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो.

याच काळात त्याच गोव्यात फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट वावरत होता. तो १५७९ साली येथे आला, साष्टी प्रांतात राहिला, आणि त्याने ख्रिस्ताची कथा ओवीबद्ध मराठीत रचली. ‘क्रिस्तपुराण’ राचोल येथे छापले गेले ते १६१६ साली. शेक्सपिअर वारला तेच हे वर्ष. स्टीफन्सच्या मराठीवरील प्रेमाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या हातून त्यांच्या जुन्या पोथ्या गेल्या होत्या, आणि त्यांच्या कानांस सवयीची असलेली ओवी त्याने त्यांस परत दिली. ज्या सत्तेच्या छायेत तो राहत होता तिच्या कठोरपणाचा दोष यामुळे धुऊन जातो असे आम्ही म्हणणार नाही.

आता दुसऱ्या नाटकाकडे वळू. ‘मेझर फॉर मेझर’ हे नावच मॅथ्यूच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनावरून घेतलेले आहे: ज्या मापाने तुम्ही मोजाल त्याच मापाने तुम्हांस मोजून मिळेल, हा तेथील भाव. २६ डिसेंबर १६०४ रोजी राजा जेम्सच्या दरबारी याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. व्हिएन्नाचा ड्यूक आपण परगावी जातो असे भासवून राज्यकारभार अँजेलो या कडक शिस्तीच्या माणसाकडे सोपवितो आणि स्वतः साधूच्या वेषात शहरातच राहतो. अँजेलो वर्षानुवर्षे झोपलेला एक कायदा जागा करतो आणि विवाहविधी पुरा होण्यापूर्वी वाग्दत्त वधूस दिवस गेले म्हणून क्लॉडिओ या तरुणास मृत्युदंड ठोठावतो. क्लॉडिओची बहीण इझाबेला ही मठात प्रवेश करण्याच्या बेतात आहे. तेथील नियम याहून कडक असावयास हवे होते असे वाटणारी. ती भावासाठी अँजेलोपुढे दया मागावयास येते.

या ठिकाणी तिने केलेले भाषण पोर्शियेच्या भाषणाइतके गोड नाही, म्हणून ते पाठ्यपुस्तकांत आले नसावे. परंतु ख्रिस्ती दृष्टीने ते अधिक नेमके आहे. पोर्शिया दयेचे गुण सांगते. इझाबेला न्यायाधीशास आरसा दाखविते. एके काळी सर्वच आत्मे दंडास पात्र होते, आणि ज्यास तो दंड वसूल करण्याचा पूर्ण अधिकार होता त्यानेच सुटकेचा मार्ग शोधला. तो तुमचा न्याय तुम्ही आहात तसेच पाहून करू लागला तर तुमचे काय होईल? दया ही सद्‌गुणी माणसाची शोभा नव्हे, स्वतः ऋणी असलेल्याने केलेली ऋणमाफी होय, असे तिचे म्हणणे आहे.

अँजेलोचे उत्तरही पोकळ नाही, आणि हे या नाटकाचे मोठेपण आहे. तो म्हणतो की मी न्याय करतो तेव्हाच खरी दया करतो; कारण आज सोडलेला अपराध उद्या ज्यांचे नुकसान करील, आणि ज्यांस मी ओळखतही नाही, त्यांच्यावर ती दया आहे. शाळा चालविणाऱ्या माणसास हा युक्तिवाद चांगला परिचयाचा असतो. परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या एकास सोडले तर न सापडलेल्या चाळीस प्रामाणिक मुलांवर अन्याय होतो, असे आम्ही स्वतः पालकांस अनेकदा ऐकविले आहे, आणि पुन्हाही ऐकवू. अँजेलोचा दोष त्याच्या युक्तिवादात नाही. तो युक्तिवाद करीत असतानाच इझाबेलेविषयी त्याच्या मनात वासना उत्पन्न झाली, आणि दुसऱ्या भेटीत त्याने तिला सांगितले की तुझे शील दे, भाऊ सोडतो. दोष येथे आहे. ज्या अपराधासाठी तो दुसऱ्याचे मस्तक घेणार त्याहून नीच अपराध करावयास तो सिद्ध झाला, आणि कायदा मात्र तसाच ठेवला.

इझाबेला नकार देते हे योग्यच. परंतु तुरुंगात भाऊ मरणाच्या भीतीने कापत तिच्याजवळ जीवदान मागतो तेव्हा ती ज्या शब्दांत त्यास झिडकारते ते ऐकवत नाहीत. तुझ्या मरणासाठी मी हजार प्रार्थना करीन, तुला वाचविण्यासाठी एक शब्द बोलणार नाही, अशा अर्थाचे ती बोलते. पुष्कळ टीकाकारांस येथे नायिका खाली उतरल्यासारखी वाटते. आम्हांस उलट वाटते. शेक्सपिअरने तिला दयेची मूर्ती करून आरंभी उभी केलेली नाही. दयेवर ती उत्तम बोलू शकते. करावयाची वेळ आली तेव्हा स्वतःच्या सख्ख्या भावाच्या भीतीवरही तिला दया आली नाही. ती दया तिला अजून शिकावयाची आहे.

ती कोणाकडून शिकते? विल्सन नाइट यांनी १९३० साली ‘द व्हील ऑफ फायर’ या ग्रंथात या नाटकाचा संबंध शुभवर्तमानांशी जोडला आणि ड्यूकच्या ठायी ख्रिस्ताची छाया पाहिली. या निबंधाने या उपेक्षित नाटकास नवे वाचक मिळवून दिले, हे त्याचे उपकार आहेत. पण ड्यूकविषयीचा हा निर्णय आम्हांस मान्य करवत नाही. भाऊ जिवंत असता तो मेला असे बहिणीस सांगून तिला शोकात लोटणारा, आणि तिच्या समाधानाची घटका आपल्या नाटकी समारोपासाठी राखून ठेवणारा हा पुरुष चतुर राज्यकर्ता असेल. करुणेचा अवतार नव्हे. नाटकातील खरी दया आम्हांस अन्यत्र दिसते. एक तर तुरुंगाधिकाऱ्यात. या माणसास शेक्सपिअरने नावही दिलेले नाही. क्लॉडिओस खरोखरच मारावयाचे ना, असे तो अँजेलोस पुन्हा एकदा विचारतो आणि, काम जमत नसेल तर जागा सोड, असे ऐकून घेतो. कैद्यांशी तो सौम्य बोलतो. शिरच्छेद लांबवावा अशी विनंती साधुवेषातील ड्यूकने केली तेव्हा तो आपल्या शपथेचे कारण सांगून कचरतो. ड्यूकची मुद्रा पाहिल्यावरच तयार होतो. तो वीर नाही. पण क्लॉडिओच्या मस्तकाऐवजी कोणाचे मस्तक पाठवावे हा पेच पडतो तेव्हा, त्याच सकाळी तापाने मेलेल्या चाच्याचे पाठवू, ही तोड त्यालाच सुचते. कठोर कायदा आणि भित्री नोकरी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत असला माणूस जेवढी दया करू शकतो तेवढी तो करतो. मामलेदार कचेरीत, रुग्णालयाच्या दारात, तुरुंगाच्या देवडीवर जगाची पुष्कळशी दया अशा बिननावाच्या माणसांच्या हातून होते आणि कोणत्याही दप्तरात तिची नोंद राहत नाही.

दुसरी मारियाना. अँजेलोशी हिचे लग्न ठरले होते. हुंड्यासह तिचा भाऊ समुद्रात बुडाला तेव्हा अँजेलोने तिच्या शीलावर बालंट घेऊन तिला टाकले. ड्यूकच्या युक्तीने अंधारात इझाबेलेच्या जागी तीच जाते. अखेरच्या अंकात अँजेलोचे पाप उघडे पडते. मारियानेशी त्याचा विवाह लावून लगेच त्यास वधासाठी न्यावयाची आज्ञा होते. क्लॉडिओस मृत्यू, तर अँजेलोस मृत्यू, मापास माप. मारियाना पतीसाठी पदर पसरते. एकटीच्याने भागत नाही असे पाहून ती इझाबेलेस विनविते की तू काही बोलू नकोस, मी बोलेन, तू केवळ माझ्या बाजूस गुडघे टेक. ड्यूक म्हणतो की हे मागणे निसर्गाविरुद्ध आहे. तिने गुडघे टेकले तर तिच्या भावाचे भूत थडगे फोडून येईल. इझाबेलेच्या समजुतीप्रमाणे हाच माणूस तिच्या शीलावर उठला, आणि ते मिळाले असे समजूनही त्याने शब्द मोडून भावाचे मस्तक उतरविले.

१९५० साली स्ट्रॅटफर्ड येथे पीटर ब्रुक यांनी हे नाटक बसविले तेव्हा इझाबेलेची भूमिका करणाऱ्या बार्बरा जेफर्ड या तरुण नटीस त्यांनी सांगितले होते की गुडघे टेकण्यापूर्वी प्रेक्षकांस सोसवेल तितका वेळ रोज थांबत जा. दिग्दर्शकाने येथे कित्येक टीकाकारांपेक्षा नाटक अधिक खोल वाचले आहे. त्या स्तब्धतेत इझाबेला पहिल्या अंकापासून जे बोलली ते सारे पणास लागते.

ती गुडघे टेकते, आणि मग जे बोलते ते वकिली थाटाचे आहे. मला पाहीपर्यंत हा मनुष्य प्रामाणिक होता असे मला काहीसे वाटते. माझ्या भावाने जे केले त्याची शिक्षा त्यास मिळाली. याचा दुष्ट हेतू मात्र कृतीपर्यंत पोचला नाही. ईश्वराचे नाव नाही, उद्धाराचा उल्लेख नाही. डॉक्टर जॉन्सन यांनी १७६५ च्या आपल्या आवृत्तीत यावर चिडून टीका केली: अँजेलो सुटतो हे पाहून प्रत्येक वाचकास संताप येतो, आणि आपल्या सौंदर्याची ग्वाही देणाऱ्या कृत्यास स्त्रिया फारसे वाईट मानीत नाहीत असेच या लबाड कवीस सुचवावयाचे असावे. कोलरिजनेही अँजेलोची सुटका न्यायबुद्धीस दुखविते असा निर्वाळा दिला. जॉन्सनसारख्या धर्मनिष्ठाने हे लिहावे याचे आम्हांस नवल वाटते. इझाबेलेचा युक्तिवाद लंगडा आहे, हे खरे. पण तो लंगडा आहे म्हणूनच तो तिचा आहे. अँजेलोच्या बाजूने सांगण्यासारखे चांगले कारण जगात नाही, आणि जे नाही ते ती शोधीत आहे. पोर्शियेजवळ सुंदर भाषण होते आणि तिला काही सोडावयाचे नव्हते. शायलॉकचे काहीही झाले तरी तिच्या बेलमाँटमधील चांदण्यास ढळ लागणार नव्हता. इझाबेलेजवळ भाषण उरले नाही, आणि जे सोडावयाचे होते ते तिच्या भावाचे रक्त होते. वाचकास संताप येतो, असे जॉन्सन म्हणतात. तो यावाच. अपराध्यास सुटलेला पाहून ज्यास काहीच सलत नाही त्याने दया पाहिलेली नाही; त्याने फक्त अपराध लहान मानला आहे.

अँजेलो स्वतः दया मागत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. दयेपेक्षा मरण मला अधिक हवे, असे तो म्हणतो. प्राण मिळाल्यावर तो आभाराचा एक शब्दही उच्चारीत नाही. त्याचे मन पालटले की नाही याची कोणतीही हमी नाटक देत नाही. मारियानेचा संसार सुखाचा होईल असेही सांगत नाही. शायलॉकच्या दयेस अटी होत्या. या दयेस एक अट मात्र आहे, की त्याने टाकलेल्या स्त्रीशी संसार करावा, आणि तो तर त्याने दिलेला शब्दच होता. नाटकाची दयाही सर्वांपर्यंत पोचत नाही. कुंटणखाना चालविणाऱ्या म्हाताऱ्या बाईस तुरुंगात टाकले ती शेवटी कोणास आठवत नाही. नऊ वर्षे बंदीत पडलेला, दारूच्या गुंगीत फाशी जावयासच नकार देणारा बार्नार्डीन मात्र सुटतो. आणि त्याच्या सुटकेचे कारण ड्यूकलाही नीट सांगता येत नाही. हे नाटक बेंगरूळ आहे, त्याचा शेवट खरबरीत आहे, असा जो आक्षेप घेतात तो आम्हांस मान्य आहे. ‘मर्चंट’चा पाचवा अंक त्यामानाने किती नितळ! चांदणे, संगीत, अंगठ्यांची थट्टा. आणि त्यात शायलॉकने सही केलेला दानलेख लोरेन्झोच्या हाती पडतो, व उपाशी माणसांच्या वाटेवर स्वर्गातून मान्ना पडावा तसे ते त्यास वाटते. मान्ना हा शब्द ज्यूंच्याच ग्रंथातला.

अखेरीस भाऊ जिवंत आहे हे इझाबेलेस कळते, आणि ड्यूक तिला मागणी घालतो. एकदा, आणि काही ओळींनंतर पुन्हा. तिच्या तोंडी कवीने उत्तर घातलेले नाही. रंगभूमीवर फार काळ ती हसून ड्यूकचा हात धरीत असे, आणि पडदा पडत असे. १९७० साली जॉन बार्टन यांनी स्ट्रॅटफर्ड येथे हेच नाटक बसविले तेव्हा सर्व पात्रे निघून गेल्यावर ती रंगमंचावर एकटीच उभी ठेवली.